हाडाच्या साध्या गाठीवर पहारा: कोणती तपासणी पैसे वसूल, कोणती नुसती महागडी

हाडाच्या साध्या गाठीचा पुढे कर्करोग होणे ही क्वचितची गोष्ट. पण किती क्वचित, हे गाठीच्या जातीवर ठरते. ऑस्टिओकॉन्ड्रोमा म्हणजे हाडाला फुटलेला कोंब, त्याच्या डोक्यावर कूर्चेची टोपी. असा कोंब एकच असेल तर तो बिघडण्याचे प्रमाण शंभरात एकाहून कमी. आनुवंशिक आजारात हे कोंब अंगभर येतात आणि प्रमाण शंभरात एक ते पाचपर्यंत जाते. हाडाच्या पोकळीत वाढणारी कूर्चेची गाठ म्हणजे एन्कॉन्ड्रोमा. हाताच्या बोटातला एकुलता एक एन्कॉन्ड्रोमा बहुधा जन्मभर गप्प बसतो. मात्र अशा गाठी अनेक हाडांत असणारा ऑलिए आजार, किंवा त्यांच्या जोडीला रक्तवाहिन्यांच्या गाठी असणारा माफुच्ची आजार असेल तर हिशेबच पालटतो. या दोन आजारांच्या १६१ रुग्णांचा अनेक केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठी फक्त हातापायांच्या लहान हाडांत असलेल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांना कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग, झालेला आढळला. लांब किंवा चपट्या हाडांत गाठी असलेल्यांत हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होते.

एकाला काहीच करायची गरज नाही, दुसऱ्याला आयुष्यभर पहारा हवा, आणि दोघांच्या हातात बहुतेक वेळा एकच चिठ्ठी पडते: ‘एमआरआय करून आणा.’ कॉन्ड्रोसार्कोमाच्या नेहमीच्या प्रकारावर केमोथेरपी आणि रेडिएशन फारसे चालत नाही. खरा उपाय शस्त्रक्रिया, आणि तीही पहिल्याच वेळी नीट झालेली. त्यामुळे कोणती तपासणी, कुठल्या जागेची, कधी आणि कशी करून घ्यायची यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. या कामासाठी जे जे मिळते त्याचे हे परीक्षण.

एक्स-रे आणि सोनोग्राफी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त हेटाळणी होणारी तपासणी म्हणजे एक्स-रे. काहीशे रुपयांत होते, हातापायाच्या एक्स-रेचे रेडिएशन नगण्य असते, आणि हाडाची गाठ कोणत्या जातीची हे ओळखण्यात आजही तिला तोड नाही. ऑस्टिओकॉन्ड्रोमात मूळ हाडाची साल आणि आतला गाभा दोन्ही सलगपणे कोंबात शिरलेले दिसतात. एवढे एक लक्षण स्पष्ट दिसले तर जात ठरली. एन्कॉन्ड्रोमात चुन्याची (कॅल्शियमची) वळी आणि कड्या दिसतात, मक्याच्या लाह्यांसारख्या.

मागवायचा कसा ते महत्त्वाचे. दोन बाजूंनी, समोरून आणि कडेने. आणि निदान पहिल्या वेळी ते हाड या सांध्यापासून त्या सांध्यापर्यंत पूर्ण. आपल्याकडे दोन प्रतिमा एका फिल्मवर छापून देण्याची पद्धत आहे. त्यासाठी प्रतिमा आक्रसलेली असते, तिच्यावर पट्टी लावून मोजमाप करणे म्हणजे स्वतःची फसवणूक. मागच्या फिल्मवर गाठ ३ सेंमी होती, आता ४ झाली, असा हाहाकार अनेकदा छपाईच्या मापामुळेच होतो. म्हणून फिल्मसोबत डायकॉम फाइल, म्हणजे मशीनमधली मूळ डिजिटल प्रतिमा, मागावी. सीडी मिळाली तर त्याच दिवशी घरी उघडून पाहावी आणि पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावी. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फिल्मचा फोटो डॉक्टरांना कल्पना देतो, माप देत नाही.

एक्स-रेची खरी किंमत कळते ती जुना एक्स-रे शेजारी ठेवल्यावर. कोंबाचा पृष्ठभाग पूर्वी गुळगुळीत होता आणि आता खडबडीत झाला. टोपीतला चुना देठापासून दूर, विखुरलेला दिसू लागला. कोंबाच्या पोटात नवा काळा डाग आला. शेजारचे हाड कुरतडल्यासारखे झाले. यांतले काहीही दिसले तर पुढची तपासणी हवीच. एन्कॉन्ड्रोमात पाहायचे ते सालीकडे. गाठ सालीला आतून कोरत असते. ही कोर सालीच्या जाडीच्या दोन-तृतीयांशांहून खोल गेली, साल फुटली, किंवा हाडाबाहेर मांसल गोळा आला तर गाठ साधी राहिलेली नाही असे धरून चालावे. हाताची बोटे मात्र याला अपवाद आहेत. तिथे साधी गाठसुद्धा साल पातळ करते, हाड फुगवते, प्रसंगी मोडते.

उणीव मोठी आहे. चुना न धरलेली कूर्चा एक्स-रेत दिसतच नाही, म्हणजे टोपीची जाडी कळत नाही. कटिबंधाच्या, म्हणजे ओटीपोटाभोवतीच्या, हाडात तर आतड्यातल्या हवेमुळे आणि एकावर एक आलेल्या सावल्यांमुळे मुठीएवढी गाठही लपते. बिघडण्याची सर्वांत धास्ती ज्या जागांची, त्या कटिबंध, खांद्याचे पाते, बरगड्या आणि मांडीच्या हाडाचे वरचे टोक. यांतल्या कटिबंधाचा, पात्याचा नि बरगड्यांचा ‘एक्स-रे नॉर्मल’ हा शेरा दिलासा म्हणून वापरू नये. हातापायांच्या लांब हाडांसाठी पाचपैकी साडेचार गुण, कटिबंधासाठी दीड.

सोनोग्राफीला या कामात कोणी विचारत नाही हे नवलच. कोंब त्वचेजवळ असेल, म्हणजे गुडघ्याभोवती, दंडावर, घोट्याजवळ, तर उच्च फ्रीक्वेन्सीचा सपाट प्रोब टोपीची जाडी चांगली मोजतो. खाली हाडाची पांढरी रेघ, वर स्नायू, मधला काळपट पट्टा म्हणजे कूर्चा. दुसरा फायदा याहून मोठा. कोंबावर घासून घासून पाण्याची पिशवी तयार होते, तिला बर्सा म्हणतात. मोठ्या माणसाचा कोंब अचानक वाढल्यासारखा वाटला, दुखू लागला, तर घाबरण्याआधी ही पिशवी आहे का ते पाहावे लागते. सोनोग्राफीत प्रोबने दाबले की पाणी हलते, कूर्चा हलत नाही. गुडघ्यामागे कोंब असेल तर डॉप्लर लावून धमनीला फुगा आला नाही ना हेही त्याच बैठकीत पाहून होते. कोंबाची आतली, हाडाकडची बाजू आणि खोल जागा मात्र हिच्या आवाक्याबाहेर. शिवाय सगळा भरवसा प्रोब धरणाऱ्या हातावर. हाडाच्या सोनोग्राफीचा सराव असलेला रेडिओलॉजिस्ट नसेल तर पैसे वाया.

एमआरआय: सर्वांत उपयोगी, सर्वांत जास्त चुकीची वापरलेली

टोपी मोजायची असेल तर एमआरआयच. कूर्चेत पाणी भरपूर, त्यामुळे टी-२ प्रतिमेत (एमआरआय प्रतिमेच्या एका प्रकारात) ती पांढरीशुभ्र उठून दिसते. प्रौढ माणसात ही टोपी बहुधा १ सेंमीच्या आत असते. २ सेंमीच्या वर गेली तर कर्करोगाचा जोरदार संशय, मधला पट्टा लक्ष ठेवण्याचा. ही २ सेंमीची सीमा हवेतून आलेली नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ठरावीक पद्धतीने मोजल्यावर या सीमेने एमआरआयमध्ये एकही कॉन्ड्रोसार्कोमा निसटला नाही आणि साध्या गाठींवर नाहक संशयही क्वचितच आला. वाढत्या वयाच्या मुलांना मात्र ही सीमा लावू नये. त्यांची टोपी ३ सेंमीपर्यंत जाड असू शकते, कारण कोंब अजून वाढतोय आणि वाढणे हेच त्याचे काम. मुलगा सोळा-अठराचा, मुलगी चौदा-सोळाची होऊन हाडांची वाढ थांबली की कोंबानेही थांबायला हवे. त्यानंतरची वाढ हीच खरी धोक्याची खूण.

‘ठरावीक पद्धतीने मोजल्यावर’ हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे, आणि गडबड नेमकी तिथेच होते. जाडी मोजायची ती हाडाच्या कडेपासून टोपीच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत, काटकोनात. टोपी फुलकोबीसारखी उंचसखल असते. दोन फुगवट्यांमधल्या खाचेत हाडाची कड खोल गेलेली असते, तिथून माप घेतले की आकडा फुगतो. प्रतिमेची चकती टोपीला तिरकी छेदत असेल तरीही फुगतो. तिसरी चूक सर्वांत नेहमीची: टी-२ मध्ये बर्साचे पाणीही पांढरे आणि कूर्चाही पांढरी. दोन्ही मिळून मोजले की अहवालात ‘टोपी साडेतीन सेंमी’ असे येते आणि घरात रडारड सुरू होते. गॅडोलिनियम हे प्रतिमा उजळवणारे औषध शिरेतून दिल्यावर बर्साची फक्त कड उजळते, कूर्चेत वळ्यावळ्यांच्या रेघा उजळतात. फरक लगेच कळतो. पहाऱ्याच्या प्रत्येक वेळी गॅडोलिनियम लागत नाही, पण असा घोळ झाला तर जरूर घ्यावे.

म्हणून सेंटर निवडताना मशीनच्या चुंबकाची ताकद दीड टेस्ला की तीन, यावर घासाघीस करू नये. दोन्ही चालतात. विचारायचे ते असे: चकत्या ३ ते ४ मिमीच्या घेणार का, चौकट गाठीपुरती लहान ठेवणार का, टी-२ फॅट-सप्रेस्ड (चरबीची चमक दाबणारा) क्रम टोपीला काटकोनात घेणार का, आणि दुखणाऱ्या जागी त्वचेवर खुणेची गोळी चिकटवणार का. ई जीवनसत्त्वाची साधी कॅप्सूल या खुणेला पुरते, प्रतिमेत ती ठळक दिसते. ज्यांच्या गुडघ्यात किंवा मनगटात हाड सरळ करण्यासाठी प्लेट आणि स्क्रू बसवलेले आहेत त्यांनी ते वेळ ठरवतानाच सांगावे. धातूमुळे प्रतिमा फाटते, ती सावरण्याचे वेगळे क्रम असतात आणि त्यांना वेळ जास्त लागतो. टेबलावर झोपल्यावर सांगितले तर तंत्रज्ञ नेहमीचाच क्रम चालवून मोकळा होतो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसते ‘एमआरआय मांडी’ लिहिलेले असेल तर अहवालही तसाच मोघम येतो. चांगली चिठ्ठी अशी असते: ‘उजव्या मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला ऑस्टिओकॉन्ड्रोमा, वय ३४, तीन महिन्यांपासून वेदना, मागील एमआरआयमध्ये टोपी ६ मिमी, टोपीची कमाल जाडी, बर्सा आणि मज्जातंतूशी संबंध सांगावा, मागील प्रतिमांशी तुलना करावी.’ ही मागील प्रतिमा सेंटरच्या हातात द्यावी लागते, त्यांच्याकडे ती आपोआप येत नाही. तुलनेशिवाय आलेला अहवाल अर्धाच समजावा.

एन्कॉन्ड्रोमात एमआरआयची गंमत वेगळी. गुडघ्याच्या दुखण्यासाठी केलेल्या शंभर एमआरआयमध्ये दोन-तीन ठिकाणी अशी गाठ सहज सापडते. दुखणे असते मेनिस्कसचे, म्हणजे गुडघ्यातल्या गादीचे, झोप उडते गाठीने. कूर्चेच्या कणांमध्ये अडकलेली चरबी टी-१ प्रतिमेत पांढरी दिसत असेल, भोवतालच्या मज्जेत सूज नसेल, साल शाबूत असेल, तर गाठ साधी असण्याचा भक्कम पुरावा आहे. लांबी उभ्या प्रतिमेत मोजावी. ५ सेंमीच्या वर असेल तर नजर जास्त काटेकोर ठेवावी. वेदना ही मोठी खूण मानली जाते, पण ती सांध्याची नसून गाठीची आहे हे आधी ठरवायला हवे. रात्री, विश्रांतीत, हालचाल नसताना ठसठसणारे दुखणे गाठीकडे बोट दाखवते. जिना चढताना दुखणारा गुडघा बहुधा गुडघाच असतो. आमचे गुण: नीट मागवलेल्या एमआरआयला पाच, मोघम चिठ्ठीवरच्या एमआरआयला दोन.

संपूर्ण शरीराचा एमआरआय हे नवे आकर्षण. अंगभर कोंब असलेल्या किंवा ऑलिए-माफुच्ची असलेल्या प्रौढासाठी तो खरोखर कामाचा आहे, कारण कटिबंध, पाठीचा कणा आणि बरगड्या यांच्या लपलेल्या जागा रेडिएशनशिवाय एका बैठकीत दिसतात. पाऊण ते एक तास लागतो. पण त्याच्या चकत्या जाड असतात, ५ मिमीच्या आसपास किंवा जास्त. त्यावर टोपीचे मिलिमीटर मोजू नयेत. संशयाची जागा शोधायला तो, आणि सापडली की त्या जागेचा वेगळा, बारीक एमआरआय. किती वर्षांनी करायचा यावर सगळ्यांचे एकमत झालेले एकच वेळापत्रक नाही; वाढ थांबल्यावर एक पायाभूत तपासणी आणि पुढे गाठींच्या जागा पाहून अंतर ठरवणे हे शहाणपणाचे. एकच कोंब असलेल्या, काही न दुखणाऱ्या माणसाला हे पॅकेज विकणे हा मात्र शुद्ध धंदा आहे.

चमकणाऱ्या तपासण्या

बोन स्कॅनचा काळ या कामापुरता सरत आला. टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचे इंजेक्शन, काही तासांनी पूर्ण सांगाड्याची प्रतिमा. प्रौढाच्या कोंबात काहीच चमकले नाही तर दिलासा, एवढाच त्याचा उपयोग. चमकले तर त्यातून काही ठरत नाही. साधा एन्कॉन्ड्रोमाही चमकतो, बर्साखालचे हाडही चमकते, वाढत्या मुलाचा प्रत्येक कोंब चमकतो.

पेट-सीटी महाग, आणि साध्या गाठीच्या नियमित पहाऱ्यासाठी ती नको, असे आमचे स्पष्ट मत आहे. रेडिएशन मशीन आणि पद्धतीनुसार बदलते, पण २० मिलिसिव्हर्टच्या आसपास जाऊ शकते. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळते. अडचण त्याहून खोल आहे. पेट ही किरणोत्सारी साखर टोचून ती कुठे जास्त शोषली जाते ते दाखवते. कमी दर्जाचा, म्हणजे सावकाश वाढणारा, कॉन्ड्रोसार्कोमा साखर फारशी खात नाही, म्हणून तो पेटमध्ये मंदच दिसतो. उलट फायब्रस डिस्प्लेशिया (हाडाच्या जागी तंतुमय ऊती) आणि जायंट सेल ट्यूमर (मोठाल्या पेशींची गाठ) या साध्या गाठी झगमगतात. कूर्चेच्या गाठीत एसयूव्ही, म्हणजे साखर शोषण्याचा आकडा, २ च्या खाली असेल तर ती साधी असण्याकडे कल, साधारण ४.४ च्या वर गेली तर वरच्या दर्जाच्या कर्करोगाचा दाट संशय. मधल्या आकड्यांवर कोणी छातीठोक काही सांगत असेल तर सावध राहावे. पेटचा खरा उपयोग वेगळाच: मोठ्या, मिश्र दिसणाऱ्या गाठीत सुई कुठे घालायची ते दाखवणे. एकाच गाठीचा एक कोपरा जास्त पेटलेला असेल तर नमुना तिथूनच घ्यावा. तपासणीआधी चार ते सहा तास उपाशी राहणे आणि रक्तातली साखर आटोक्यात असणे या अटी मधुमेहींनी हलक्यात घेऊ नयेत. साखर चढलेली असेल तर आकडा खोटा पडतो.

साध्या सीटीला मात्र न्याय द्यायला हवा. चुना, सालीची कोर आणि फुटलेली साल ती एमआरआयपेक्षा स्वच्छ दाखवते, कटिबंधात विशेष. एमआरआय चालत नसलेल्यांना टोपी मोजायलाही ती चालून जाते. छातीचा सीटी हा फुप्फुसात पसरलेले पाहण्यासाठी असतो, तो कर्करोग ठरल्यावर.

रक्ताच्या तपासणीत या कामासाठी काहीही नाही. कॉन्ड्रोसार्कोमाचा रक्तातला मार्कर अस्तित्वात नाही, त्यामुळे ‘ट्यूमर मार्कर प्रोफाइल’ नावाचे पाकीट कोणी हातात ठेवले तर परत करावे. जनुकीय चाचणीचेही तसेच काहीसे. ईएक्सटी-१ किंवा ईएक्सटी-२ या जनुकांमधला दोष सापडला तर अंगभर कोंबांचा आजार आनुवंशिक आहे हे पक्के होते, मुलांना पन्नास टक्के शक्यता आहे हे सांगता येते. कोणता कोंब कधी बिघडेल हे कळत नाही. गाठीतल्या आयडीएच या जनुकातला बदल साध्या एन्कॉन्ड्रोमातही असतो आणि कर्करोगातही, तेव्हा ‘आयडीएच पॉझिटिव्ह’ म्हणजे कर्करोग असा अर्थ काढणे चूक.

बायोप्सी आणि पॅथॉलॉजीचा अहवाल

इथे सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून थोडे थांबून.

बायोप्सी म्हणजे शेवटचा निकाल, हा समज कूर्चेच्या गाठीत टिकत नाही. साधा एन्कॉन्ड्रोमा आणि सर्वांत खालच्या दर्जाचा कॉन्ड्रोसार्कोमा सूक्ष्मदर्शकाखाली इतके जवळचे दिसतात की नामवंत तज्ज्ञांचेही एकमत होत नाही. लांब हाडातल्या कूर्चेच्या गाठींवर २००७ मध्ये झालेल्या एका अभ्यासात अनुभवी पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांना त्याच गाठी दाखवल्या. आपापसांतला मेळ दोन्ही गटांत बेताचाच निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात तर हातापायांच्या हाडांतल्या खालच्या दर्जाच्या गाठीला ‘अटिपिकल कार्टिलेजिनस ट्यूमर’ हे नाव आणि कटिबंध, पाते, कवटीचा तळ इथल्या तशाच गाठीला ‘कॉन्ड्रोसार्कोमा ग्रेड १’ हे नाव, अशी जागेवरून विभागणी आहे. पेशी त्याच, वागणूक जागेप्रमाणे वेगळी. म्हणजे पॅथॉलॉजिस्टला एक्स-रे आणि एमआरआय न दाखवता नुसता तुकडा पाठवणे हे पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखे. मागणीपत्रासोबत प्रतिमा जायलाच हव्यात.

सुई कुठून घालायची हे शल्यचिकित्सक ठरवतो, आणि तो तोच असावा जो पुढे गाठ काढणार आहे. सुईची वाट गाठीच्या पेशींनी मळते असे धरले जाते; शस्त्रक्रियेत ती वाट गाठीबरोबर काढून टाकावी लागते. म्हणून वाट एकाच स्नायूकप्प्यातून, मुख्य धमनी-मज्जातंतूपासून दूर हवी. उघडी बायोप्सी करायची तर चीर अवयवाच्या लांबीत. आडवी चीर दिसली की हाडाच्या कर्करोगाचा सर्जन कपाळाला हात लावतो, कारण ती काढायला कितीतरी जास्त त्वचा आणि स्नायू जातात. बायोप्सी जिथे उपचार होणार त्या केंद्रात न होता बाहेर झाली की गुंतागुंत आणि चुका कितीतरी वाढतात, हे अमेरिकेतल्या दोन मोठ्या पाहण्यांनी १९८२ आणि १९९६ मध्ये दाखवून दिले आहे. जाड टोपीच्या ऑस्टिओकॉन्ड्रोमात तर अनेक केंद्रे सुई घालतच नाहीत. टोपी न फोडता, तिच्यावरच्या आवरणासह गाठ अखंड काढतात आणि मग तपासतात.

याच्या उलट प्रकार म्हणजे ‘हाड वाढलंय, छिलून टाकू’. टोपी तुकड्यातुकड्याने निघाली आणि ती कर्करोगी असली तर पेशी आसपास सांडतात आणि गाठ परत येते. काढलेला प्रत्येक कोंब, तो कितीही निरुपद्रवी दिसो, पूर्णच्या पूर्ण हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) जायला हवा, आणि अहवालात टोपीची जाडी मिलिमीटरमध्ये हवी. ती नसेल तर अहवाल परत पाठवून विचारावी. मांडी किंवा दंडाच्या पोकळीतल्या अटिपिकल गाठीसाठी मात्र खरवडून, पोकळीला फिनॉल किंवा अतिथंड उपचार देऊन सिमेंट भरणे हा मान्य मार्ग आहे. कटिबंधात तो चालत नाही, तिथे भोवतालच्या निरोगी पेशींसह रुंद काढणेच लागते.

प्रयोगशाळा निवडताना एक प्रश्न पुरेसा आहे: हाड मऊ कशाने करता? हाडाचा तुकडा कापण्याआधी त्यातला चुना काढावा लागतो. नायट्रिक आम्लासारख्या तीव्र आम्लाने काम लवकर उरकते, पण डीएनए खराब होतो आणि पुढे जनुकीय चाचणी लागली तर ती फसते. ईडीटीए या सौम्य रसायनाने वेळ जास्त लागतो, डीएनए टिकतो. गाठीचा मऊ, चुना नसलेला भाग वेगळा ठेवून आम्लाशिवाय प्रक्रिया करणारी लॅब जाणकार समजावी. नमुना नेताना डबा १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनचा, द्रव नमुन्याच्या दहापट. सलाइनमध्ये किंवा अपुऱ्या फॉर्मेलिनमध्ये रात्रभर राहिलेला तुकडा वाचण्याजोगा राहत नाही, आणि दुसरा मिळवायला पुन्हा सुई.

दुसरे मत घेणे या गाठींत चैन नाही, रोजचा व्यवहार आहे. महाराष्ट्रात त्यासाठी सर्वांच्या ओठांवर पहिले नाव येते ते परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे. १९४१ पासूनचे हे रुग्णालय, हाड आणि मऊ ऊतींच्या गाठींसाठी तिथे स्वतंत्र गट आहे. प्रवास जमत नसेल तर ‘नव्या’ (Navya) नावाची ऑनलाइन सेवा टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (कर्करोग रुग्णालयांचे देशव्यापी जाळे) यांच्याशी जोडलेली आहे. तिथे कागदपत्रांवरून तज्ज्ञांचे लेखी मत मिळते. पण कूर्चेच्या गाठीत कागदावरचे मत मूळ अहवालाएवढेच पक्के. खरी फेरतपासणी हवी तर काचा (ज्यांवर गाठीचे पातळ काप असतात) आणि मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) दोन्ही पोचवावे लागतात. नुसत्या काचा नेल्या तर नवे काप काढता येत नाहीत, रंगक्रिया आणि जनुकीय चाचण्या अडतात. मूळ लॅबकडून ब्लॉक लेखी अर्ज करून मागावेत, ब्लॉकवरचा क्रमांक अहवालाशी जुळतो का ते तिथेच पाहावे. मेण ५५ ते ६० अंशांना वितळते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडून गाडीने येताना ब्लॉकचे पाकीट डॅशबोर्डवर ठेवले तर मुंबईत पोचेपर्यंत तो ब्लॉक राहत नाही, मेणाचा लगदा होतो.

थोडे इतर गाठींबद्दल

फायब्रस डिस्प्लेशिया बिघडणे शंभरात एकाहून कमी, पण त्या जागी पूर्वी रेडिएशन दिलेले असेल तर धोका वाढतो. म्हणूनच त्या गाठीला आता रेडिएशन देत नाहीत. अनेक हाडांत गाठी आणि अंतःस्रावांचा बिघाड असलेल्या मॅक्यून-अल्ब्राइट आजारात, तसेच स्नायूतल्या गाठी जोडीला असणाऱ्या माझाब्रो आजारात लक्ष जास्त ठेवावे. शांत असलेली जागा अचानक दुखू लागली, साल फुटली, की एमआरआय आणि बायोप्सी.

जायंट सेल ट्यूमरचे नाव साधे, वागणे उद्धट. फुप्फुसात जाऊनही ती सूक्ष्मदर्शकाखाली साधीच दिसू शकते. तिचा खरा सार्कोमा बहुधा जुन्या रेडिएशननंतर, वर्षांनी होतो. तिच्यावर दिले जाणारे डेनोसुमॅबचे इंजेक्शन गाठ घट्ट करते, पेशींचे रूप पालटवते. औषधानंतर काढलेल्या गाठीचा नमुना पाठवताना किती डोस झाले ते मागणीपत्रावर लिहिले नाही तर पॅथॉलॉजिस्टची दिशाभूल होते. सांध्यातल्या कूर्चेच्या कणांचा आजार, सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस, क्वचित बिघडतो. शस्त्रक्रियेनंतर लवकर आणि वारंवार परत येणारा, हाडाच्या गाभ्यात शिरणारा असेल तर पुन्हा नमुना घ्यावा.

कोणाला काय घ्यायला सांगू? हातावर किंवा गुडघ्याजवळ एकच न दुखणारा कोंब, वाढ थांबलेली: एक नीट एक्स-रे, डायकॉम फाइल जपून ठेवणे, दुखले किंवा वाढले तरच परत. अंगभर कोंब: वाढ थांबल्यावर कटिबंध आणि खांद्यांसह पायाभूत एमआरआय, पुढे वर्षाला एकदा ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी हात लावून तपासणे, आणि कोणता कोंब कुठे आहे याचा घरी काढलेला नकाशा, त्यात प्रत्येकाची तारीख आणि माप. ऑलिए-माफुच्ची: ट्यूमर सेंटरमध्येच कायमचे खाते, संपूर्ण शरीराचा एमआरआय ठरलेल्या अंतराने, आणि डोकेदुखी किंवा पोटाची तक्रार आल्यास तीही सांगणे, कारण या आजारांत मेंदूच्या आणि बीजांडाच्या गाठींचाही धोका असतो. हे बरेचदा हाडाच्या डॉक्टरांना कोणी सांगत नाही आणि ते विचारतही नाहीत.